दुसऱ्या दिवशीचे तीन फोटो

तुमच्याही घरात अशी एक हार्ड डिस्क असेल. भारतातून येताना मोज्यात गुंडाळून, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांमध्ये दडवून आणलेली, आणि इथे आल्यावर 'एकदा निवांत बघू' म्हणत कपाटात ठेवून दिलेली. आमची डिस्क ईडन प्रेरीला आली ती बाबा गेले त्या वर्षी. कराडचं घर आवरताना आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यात त्यांचं सगळं आहे. मला उघडता येत नाही. तू बघ."

मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला वाटलं, एका शनिवारचं काम. प्रत्यक्षात पहिला बर्फ पडला तेव्हा सुरू केलेलं काम तळ्यांवरचा बर्फ वितळेपर्यंत चाललं. त्या हिवाळ्याची ही हकिगत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांचा संगणकाशी ईमेलपुरताच संबंध आहे त्यांनाही कळावं असं लिहिते आहे. आणि ज्यांची रोजीरोटी याच धंद्यात आहे, म्हणजे आपल्या मंडळातली अर्धीअधिक माणसं, त्यांनी "हे आम्हाला माहीत आहे" म्हणून पान उलटू नये. मलाही माहीत होतं.

बाबांनी निवृत्तीनंतर एक स्कॅनर घेतला होता. घरातले अल्बम संपले तसे त्यांनी काकांचे, आत्याचे, मावशीचे अल्बम मागून आणले. प्रत्येक फोटो स्कॅन केला आणि त्याची नोंद एका एक्सेलच्या तक्त्यात केली. तीनच रकाने. पहिला क्रमांकाचा, दुसरा फाइल कुठे ठेवली आहे त्याचा, आणि तिसऱ्याला त्यांनी नाव दिलं होतं 'कोण, कुठे, कधी'. एकूण १,२१४ ओळी. फोटो डिस्कवर याहून जास्त होते, पण ज्यांतली माणसं ओळखता आली त्यांचीच नोंद त्यांनी केली होती. खरा ठेवा होता तो तिसऱ्या रकान्यात. फोटो पाहून 'हे कोणीतरी काका' एवढंच मला सांगता आलं असतं. बाबांच्या रकान्यात त्या काकांचं नाव, गाव, आणि त्या दिवशी त्यांनी घातलेला कोट कोणाकडून मागून आणला होता, हेही होतं.

मला करायचं होतं ते अगदी सोपं. तक्त्यातली एकेक ओळ वाचायची, दुसऱ्या रकान्यात दिलेल्या ठिकाणी जाऊन फोटो उचलायचा, आणि त्याच्याखाली तिसऱ्या रकान्यातला मजकूर छापायचा. छोटा प्रोग्रॅम लिहिला, चालवला. उत्तर आलं: सापडले ०.

दुसऱ्या रकान्यात होते ते 'पाथ', म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता. प्रत्येक पत्त्याची सुरुवात डी:\फोटो\ अशी. आता हे 'डी' का, ते तिकडे संगणक वापरलेल्यांना सांगायला नको. आपल्याकडे घरी संगणक जोडून देणारा माणूस एकाच हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करून द्यायचा आणि जाताना बजावून सांगायचा, "काका, सीवर विंडोज आहे, तिथे काही ठेवू नका. तुमचं सगळं डीवर ठेवा. उद्या फॉरमॅट मारायची वेळ आली तरी डीला धक्का लागणार नाही." बाबांनी तो सल्ला वीस वर्षं पाळला. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्क सीपासून सुरू होते. फ्लॉपी गेल्या, तरी सीचा ए झाला नाही.

पण डी हे अक्षर त्या डिस्कवर कुठे कोरलेलं नसतं. संगणक ते त्या क्षणी देतो. माझ्या लॅपटॉपला बाबांची डिस्क लावली तेव्हा विंडोजने तिला ई म्हटलं. मी तक्त्यात सगळीकडे डीच्या जागी ई करून टाकलं. पुन्हा चालवलं. सापडले १,२११.

तीन कमी होते. मला वाटलं, बाबांनी पुसले असतील, किंवा नाव बदलून तक्त्यात बदलायचं राहिलं असेल. बाराशेंत तीन म्हणजे काही नाही. शिवाय मीच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं की फाइल नाही मिळाली तर गप्प पुढे जा. तो गप्प पुढे गेला आणि मीही गेले. हा भाग लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

थँक्सगिव्हिंगला लेक घरी आली. ती इथेच वाढली, आणि तिला मराठी छान बोलता येतं, वाचताना मात्र ओळीवर बोट ठेवावं लागतं. तिने सुचवलं की याची एक छोटी वेबसाइट करू या, म्हणजे पुण्याला आजीला आणि मेलबर्नच्या काकांनाही बघता येईल. तिने सगळी डिस्क तिच्या मॅकच्या एका जुन्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, माझा प्रोग्रॅम घेतला आणि चालवला. सापडले ०.

"आई, तुझा कोड फक्त तुझ्या मशीनवर चालतो," ती म्हणाली. आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

मॅकवर सी, डी, ई असलं काही नसतं. लिनक्सवरही नसतं. तिथे सगळ्याचं मूळ एकच, आणि ते एका तिरप्या रेघेने दाखवतात: /. बाहेरून लावलेली डिस्कसुद्धा त्याच मुळाखालचं एक फोल्डर होऊन बसते. ही रीत युनिक्सची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९६९ नंतरच्या काही वर्षांत ती बसवली. आजचा मॅक आणि लिनक्स, दोघेही तीच चालवतात.

मग विंडोजची रेघ उलटी, \ अशी का? ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या घराण्यांतल्या प्रथांसारखी आहे. १९८१ साली आलेल्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाइली एका फ्लॉपीवर, एकाच ढिगात. सरळ स्लॅश मात्र आज्ञेला जास्तीची सूचना जोडण्यासाठी वापरात आला होता. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात फोल्डर आले. युनिक्ससारखी सरळ रेघ वापरावी, तर ती आधीच दुसऱ्या कामाला लावलेली. म्हणून उलटी रेघ घेतली. त्या वेळी ती तात्पुरती अडचण होती. चाळीस वर्षांनंतर आजही जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे तिच्यापायी ठेचकाळतात. जपानी विंडोजवर तर तीच रेघ येनच्या खुणेसारखी दिसते, आणि तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. जुन्या मॅकने तर रेघच घेतली नव्हती, तिथे विसर्गासारखे दोन ठिपके असत. २००१ मध्ये मॅकने युनिक्सचा पाया घेतला तेव्हा आतून तिथेही सरळ रेघ आली.

आता लेकीच्या मॅकने काय पाहिलं ते बघा. त्याच्या दृष्टीने उलटी रेघ हे 'क' किंवा 'ख'सारखं साधं अक्षर. त्यामुळे ई:\फोटो\१९७४\मुंज.जेपीजी हा त्याला पत्ता वाटलाच नाही. एवढं लांबलचक नाव असलेली एकच फाइल त्याने शोधली, आणि ती अर्थातच नव्हती.

उलट्या रेघेची आणखी एक खोड आहे. पायथॉन, सी, जावा अशा बहुतेक भाषांमध्ये तिला खास अर्थ असतो. तिच्या पाठोपाठ रोमन एन आला तर 'नवी ओळ सुरू कर', आणि टी आला तर 'टॅबएवढी जागा सोड'. बाबांची सुरुवातीची फोल्डरं रोमन लिपीत होती, आणि त्यांतली दोन होती नाशिक आणि ठाणे. तपासणीसाठी म्हणून मी नाशिकचा पत्ता थेट कोडमध्ये चिकटवला. संगणकाने उलट्या रेघेसकट एन गिळला, नवी ओळ सुरू केली आणि पुढे लिहिलं 'आशिक'. सगळी मावशीकडची सोज्ज्वळ मंडळी आशिक फोल्डरमध्ये. ठाण्याचा टीही असाच गेला आणि उरलं 'हाणे'. आम्ही दोघी रात्री साडेअकरा वाजता किचनमध्ये हसत बसलो होतो. बाबा असते तर त्यांनी हे सगळ्यांना फोन करून सांगितलं असतं.

हसून झाल्यावर लेकीने जे करायला लावलं ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तिने तक्त्यातून डी, ई सगळं काढून टाकलं. 'फोटो' हे फोल्डर कुठे आहे, एवढं एकाच जागी लिहायचं, आणि बाकीचे सगळे पत्ते त्या फोल्डरपासून पुढचे ठेवायचे.

हे समजायला आपले घरचे पत्ते आठवा. ईडन प्रेरीतलं माझं घर म्हणजे क्रमांक, रस्ता, राज्य आणि ५५ने सुरू होणारा झिप कोड. कुठूनही पत्र टाका, येईल. पण उद्या मी घर बदललं तर तो पत्ता पूर्ण निकामी. कराडच्या घराच्या पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे' असं लिहिलेलं असे. देवळापर्यंत पोचलात की पुढचं आपोआप सापडतं. बाबांची डिस्क कराडहून निघाली, माझ्या लॅपटॉपवर आली, तिथून मॅकवर गेली. प्रत्येक वेळी बदललं ते फक्त देऊळ कुठे आहे एवढंच. देवळापासूनचा रस्ता तोच राहिला. तो रस्ता तेवढा तक्त्यात लिहायचा. याला रिलेटिव्ह पाथ म्हणतात, सापेक्ष पत्ता.

दुसरी गोष्ट रेघेची. फोल्डरचं नाव, मग रेघ, मग फाइलचं नाव, अशी जोडाजोड हाताने करायचीच नाही. ते काम भाषेबरोबर येणाऱ्या साधनाला सांगायचं. पायथॉनमध्ये २०१४ पासून 'पाथलिब' आहे. जावा, नोड, सी++ यांच्याकडेही त्यांचं त्यांचं आहे. ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालतो आहे तिथली रेघ ते स्वतःच निवडतं. फक्त एक सावधगिरी: विंडोजवर लिहिलेला जुना पत्ता मॅकवर वाचायचा असेल तर 'हा विंडोजच्या रीतीने लिहिलेला आहे' असं पाथलिबला स्पष्ट सांगावं लागतं. नाही तर तेही त्या उलट्या रेघेला साधं अक्षरच समजतं. हे सगळं केल्यावर लेकीच्या मॅकवर उत्तर आलं: सापडले १,२११. माझ्या लॅपटॉपवरही तोच कोड, तेवढेच फोटो. आम्ही दोघींनी चहा घेतला.

जानेवारीत तिने ते सगळं मॅकवरून भाड्याच्या एका सर्व्हरवर चढवलं. सर्व्हर लिनक्सचा, बहुतेक वेबसाइटींचा असतो तसा. तिथे सापडले १,१५७.

मॅकवर आणि विंडोजवर मिळणारे ५४ फोटो इथे कुठे गेले? त्यांतल्या ४३ फोटोंचं कारण लवकर कळलं. कॅमेऱ्याने आणि स्कॅनरने काही फाइलींच्या शेवटी जेपीजी मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलं होतं, आणि बाबांनी तक्त्यात ते लहान अक्षरांत टाइप केलं होतं. विंडोज आणि मॅक सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत. लिनक्स करतो, त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्यामुळे मराठी नावं या खोड्यातून सुटली, पण शेपटीला असलेलं जेपीजी रोमनच होतं. डिस्कवरच्या खऱ्या नावांची यादी करून तिच्याशी ताडून आम्ही ते दुरुस्त केलं. सापडले १,२००.

उरले अकरा. सगळे एकाच फोल्डरमधले. फोल्डरचं नाव 'दुसऱ्या दिवशी'. आईबाबांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण झाला, तेव्हाचे हे फोटो. तक्त्यात नाव 'दुसऱ्या दिवशी', सर्व्हरवर नाव 'दुसऱ्या दिवशी'. मी पडद्याला नाक लावून दोन्ही पाहिली. काना, मात्रा, रेघ, सगळं सारखं. संगणक म्हणत होता ही दोन वेगळी आहेत.

इथे वाढलेल्या मुलांनो, आता थोडं मराठी व्याकरण. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो बाजूला छोट्या कोयत्यासारखा दिसतो. हा दुसरा र मराठीला सतत लागतो: दुसऱ्या, बऱ्याच, पुऱ्या, नवऱ्याला. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही. युनिकोड या जागतिक अक्षरसंचात त्याच्यासाठी जे अक्षर वापरतात ते आहे 'ऱ', खाली ठिपका असलेला र. द्राविडी भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी ते अक्षर ठेवलेलं आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला कोयता.

अडचण अशी की हा ऱ दोन प्रकारे साठवता येतो. एक, सबंध ऱ म्हणून एकच अक्षर. दुसरा, साधा र आणि त्याच्यापुढे सुटा नुक्ता. युनिकोडचा नियम सांगतो की दोन्ही समान मानावेत. पण ते साठवायचे कसे, हे प्रत्येक फाइल व्यवस्थेने आपापलं ठरवलं. विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं. मॅकची जुनी फाइल व्यवस्था अशी जोडअक्षरं सुटी करून ठेवायची, आणि शोधताना दोन्ही रूपं एकच मानायची. लेकीची बाहेरची डिस्क त्या जुन्या पद्धतीची होती. तिच्यावर उतरताना बाबांचा ऱ फुटून र आणि नुक्ता झाला. मॅकला काही फरक पडला नाही. पण तिथून तो लिनक्सवर तसाच फुटका गेला, आणि लिनक्स असलं काही मानत नाही. तो एकेक बाइट ताडून बघतो. फरक दिसला की फाइल वेगळी.

मी 'दुसऱ्या' या शब्दातलं एकेक चिन्ह सुटं करून छापलं तेव्हा हे कळलं. तक्त्यातल्या शब्दात सात चिन्हं होती, सर्व्हरवरच्या फोल्डरच्या नावात आठ. उपाय एका ओळीचा आहे. ताडून बघण्याआधी दोन्ही बाजूंची नावं एकाच रूपात आणायची. याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि ते करणारी साधनं प्रत्येक भाषेत असतात. ती ओळ लिहिली. सापडले १,२११.

मी लॅपटॉप मिटत होते. लेक म्हणाली, "आणि ते तीन?"

मी तिला सांगितलं की बाबांनी पुसले असतील. ती म्हणाली, "तू यादी बघितलीस?" मी यादी बघितली नव्हती. प्रोग्रॅमला गप्प पुढे जायला सांगितलं होतं ना. तिने ती ओळ बदलली, आणि न सापडलेल्या तीन पत्त्यांची नावं पडद्यावर आली. तिन्ही त्याच फोल्डरमधली. 'दुसऱ्या दिवशी'.

पुन्हा चिन्हं सुटी करून छापली. या तीन ओळींतही 'दुसऱ्या'ची चिन्हं आठच भरली, पण ही आठ वेगळी होती. इथे साधा र होता, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि मग य. कोयत्याचा र लिहायची ही तिसरी रीत. काही मराठी कीबोर्ड अजूनही असाच टाइप करतात. कागदावर छापलं तर तिन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. पण युनिकोडच्या नियमात ही तिसरी रीत पहिल्या दोघांसारखी समान धरलेली नाही, म्हणून नॉर्मलायझेशन तिला हात लावत नाही.

बाबांच्या १,२१४ ओळींपैकी तीनच ओळी वेगळ्या कीबोर्डवर का टाइप झाल्या असतील? मला उत्तर कळायला दोन-तीन मिनिटं लागली, आणि मग मी खुर्चीवर बसले.

आईबाबा शेवटचे इथे आले होते त्या उन्हाळ्यात बाबा रोज सकाळी स्टेअरिंग लेकला एक फेरी मारून यायचे, आणि दुपारी सगळे कामाला गेले की जेवणाच्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप घेऊन बसायचे. तक्ता त्यांनी पेन ड्राइव्हवर आणला होता. त्या लॅपटॉपवर मी कुठूनतरी उतरवलेला फुकटचा मराठी कीबोर्ड होता. त्या दिवसांत ते एकदा आत्याशी बराच वेळ फोनवर बोलत होते, एवढं मला आठवतं. "मागे उभी आहे ती कोण? दाराशी?" असं काहीतरी. मी ऑफिसच्या एका कॉलवर होते आणि त्यांना हळू बोला असं हाताने खुणावलं होतं.

न दिसणाऱ्या त्या चिन्हाचा बंदोबस्त करायला आम्हाला स्वतःचा नियम लिहावा लागला: र, हलन्त आणि ते जोडचिन्ह असे ओळीने आले तर त्यांच्या जागी सबंध ऱ आणि हलन्त धर. सापडले १,२१४.

तीनपैकी दोन फोटोंत पंगती आहेत. तिसऱ्यात पूजेला बसलेले आईबाबा आहेत आणि मागे माजघराच्या दाराशी एक म्हातारी बाई अर्धवट उभी आहे, हातात तांब्या. डिस्कवर हा फोटो मी आधीही पाहिला होता. नोंद नसलेल्या शेकडो फोटोंपैकी तो एक, असं समजून पुढे गेले होते. एकदा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलाही होता. आई म्हणाली, "मला कसं माहीत असणार गं? मी एक दिवसाची नवरी. मान वर कुठे केली होती?"

बाबांच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'दाराशी उभी ती माझी आजी, आईची आई. कोरेगावहून एसटीने एकटी आली. फोटोत यायला तयार नव्हती. हिचा दुसरा फोटो कोणाकडेही नाही. ताईने ओळखलं.'

ताई म्हणजे आत्या. आत्या बाबांच्या आधी सहा महिने गेली. म्हणजे ती बाई कोण हे सांगू शकणारं कोणीही आता उरलेलं नव्हतं. ते फक्त त्या ओळीत होतं, आणि ती ओळ मी नोव्हेंबरपासून 'बाराशेंत तीन म्हणजे काही नाही' म्हणून सोडून दिली होती. पुसले असतील, असं मी बाबांच्या नावावर खपवलं होतं. त्यांनी काहीच पुसलं नव्हतं. त्यांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच कीबोर्डवर, बरोबर लिहिलं होतं.

तुमच्या कपाटातली डिस्क तुम्ही काढाल अशी आशा आहे. काढलीत तर या हिवाळ्यात आम्ही शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

एक. नोंदींमध्ये सी, डी, ई लिहू नका. फोटोंचं मुख्य फोल्डर एक ठेवा आणि नोंदी त्याच फोल्डरच्या आत, फोटोंच्या शेजारी ठेवा. ते फोल्डर कुठेही हलवलं तरी दोन्ही बरोबर हलतील.

दोन. फाइलच्या नावात दोन्ही प्रकारच्या रेघा, दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्हं, उभी रेघ आणि लहान-मोठेपणाच्या खुणा वापरू नका. यांतलं काही ना काही कुठे ना कुठे चालत नाही. तारीख लिहायची तर १९७४-०५-१२ अशी आडव्या रेघेने लिहा. 'कॉन' नावाचं फोल्डर विंडोजवर बनत नाही आणि कंपनीलाही त्याचं कारण माहीत नाही, असा ईमेल एके काळी आपल्या सगळ्यांना आला होता, आठवतो? कारण साधं आहे. डॉसच्या काळापासून ते नाव कीबोर्ड आणि पडदा यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. प्रिंटरचं 'पीआरएन' आणि कशालाच नसलेलं 'एनयूएल' यांचंही तसंच.

तीन. मराठी नावं जरूर द्या, पण आटोपशीर द्या. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे धरून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोजवर सबंध पत्त्याला जुनी २६० अक्षरांची मर्यादा आहे, ती फोल्डरात फोल्डर ठेवत गेलं की पटकन भरते. सविस्तर मजकूर नावात न कोंबता नोंदीत लिहा. आणि मराठी नावं ताडून बघणारा प्रोग्रॅम लिहाल तेव्हा कोयत्याच्या र साठी वेगळी तपासणी ठेवा.

चार. जे सापडलं नाही त्याची यादी छापा आणि ती स्वतः वाचा. आम्ही धंद्यातली माणसं हे ऑफिसात रोज करतो. घरच्या कामात करत नाही.

आमची वेबसाइट मार्चमध्ये पूर्ण झाली. आई पुण्याला भावाच्या टॅबलेटवर ती रोज दुपारी बघते आणि अधूनमधून फोन करून बाबांच्या चुका काढते. अमुक लग्न मे महिन्यात नव्हतं, डिसेंबरात होतं, वगैरे. लेक त्या दुरुस्त्या टाइप करते. तिच्यासाठी मी तिच्या मॅकवर मराठी कीबोर्ड बसवून दिला. पहिल्यांदा 'दुसऱ्या' टाइप केल्यावर तिने आधी त्यातली चिन्हं मोजली. सात आली. मग पुढचं टाइप केलं.

दाराशी उभ्या असलेल्या पणजीचा तो फोटो आम्ही मोठा करून घेतला आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी याल तर देवघराशेजारच्या भिंतीवर दिसेल. तिचं नाव मागे लिहून ठेवलं आहे, पेनाने.